यादीतलं चौथं नाव

थांबा, आधी यादी काय ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आम्ही लुथरन. वागळे इस्टेटला माझ्या ऑफिसात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे कॅथलिकच ना?" नाही रे बाबा. आमची मंडळी छोटी, चाळीसेक माणसं, स्वतःचं चर्च नाही. डोंबिवलीत एका शाळेचा वर्ग रविवारी सकाळी मिळतो, तिथे दुसरीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन उपासना चालते. पाळकसाहेब तीन ठिकाणच्या मंडळ्या सांभाळतात, त्यामुळे आमच्याकडे एक रविवार आड येतात. पण एवढ्याशा मंडळीचं जर्मनीत एक जोडीदार चर्च आहे, आणि त्यांनी जगभर पाठवलेले नऊ मिशनरी आहेत. त्यांच्यासाठी आमच्याकडच्या बायका तिथल्या तान्ह्या बाळांच्या टोप्या विणतात, त्यांचं पार्सल जातं. आणि सगळे मिळून प्रार्थना करतो. दर महिन्याला तिकडून ईमेल येतं, कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय. मी त्याचं मराठी करते, यादी छापते आणि रविवारी उभी राहून एकेक नाव वाचते. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणतात, "प्रभू, आमची विनंती ऐक."

बारावीपासून मी हे करतेय आणि मला जाम भारी वाटायचं. कोण कुठल्या डोंगरात तापाने फणफणतंय आणि मी बाळकुमला आमच्या किचनमध्ये बसून त्याच्या मलेरियाचं मराठी करतेय!

चौथं नाव एका जर्मन नर्सताईचं होतं. ती टांझानियात होती, पण आम्हाला ती नुसतं नाव नव्हती. तिकडे जायच्या आधी दीड वर्ष ती कल्याणला राहिलेली, दर रविवारी आमच्यात शेवटच्या बाकावर बसलेली. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचायची, त्यामुळे सगळ्यांचं "ऐक" म्हणून झालं की अर्ध्या सेकंदाने तिचं एकटीचं "ऐक" यायचं. आम्ही पोरं फिसकन हसायचो. तीपण हसायची.

तिला मराठी शिकवलं बाईंनी. बाई आमच्या मंडळीतल्या रिटायर्ड शिक्षिका. पंच्याहत्तरीच्या, एकट्या, बोलणं एकदम पुस्तकी स्वच्छ. मी "जाम" म्हटलं की लगेच, "जाम पावाला लावतात." ताई टांझानियाला गेली तरी दोघींची पत्रं चालू होती, हाताने लिहिलेली, मराठीत. बाई तिच्या चुका लाल पेनाने सुधारून परत पाठवायच्या. खरंच!

यंदा ताईच्या नावापुढे आलं: आजारी आहे, ताप उतरत नाही, कारण सापडत नाही. बाईंनी दर बुधवारी उपास धरला. शुगर असताना.

"बाई, डॉक्टर ओरडतील."

"त्यांना कोण सांगणार आहे? तू?"

मग पुढचं ईमेल आलं. विषय दर महिन्यासारखाच, प्रार्थनापत्र. ऑफिसात त्या आठवड्यात डोकं वर काढायला वेळ नव्हता, म्हटलं वीकेंडला बघते. वीकेंडला मी जुनीच फाइल उघडली, वरची तारीख बदलली आणि प्रिंट काढली. पुढच्या आठवड्यात परत तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. असे तीन रविवार.

तिसऱ्या रविवारी बाई साक्ष द्यायला उठल्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. बाई कधीच उठत नाहीत. उलट कुणाची साक्ष लांबली की माझ्या कानात, "देव याच्याशी दोन शब्द बोलला असेल, हा पंधरा मिनिटं सांगतोय." त्या दिवशी मात्र उठल्या, समोरचा बाक धरून.

"बुधवारी दुपारी मी खुर्चीत बसले होते. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेला असं झालं. मी खात्रीने सांगते, ती बरी झाली आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मी काय करावं? उपासना संपल्या संपल्या व्हरांड्यात गेले, चहाचा कप खिडकीत ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी धडाधड तिकडच्या ऑफिसला ईमेल टाइप केलं. आमच्या बाईंना देवाने सांगितलंय, ताई बरी झाली, देवाची स्तुती असो, पुढे चार उद्गारचिन्हं. एकदाही परत न वाचता पाठवलं. चहा अजून गरम होता.

सोमवारी लंचला उत्तर आलं. फार मायेने लिहिलेलं, तेच तर वाईट. "आमचं आधीचं पत्र तुम्हाला मिळालेलं दिसत नाही." मी वर स्क्रोल केलं. मिळालेलं होतं की. ठळक अक्षरात, न उघडलेलं. ताई गेली होती. बाईंना ज्या बुधवारी हलकं वाटलं, त्याच्या पंधरा दिवस आधी तिला तिथल्या हॉस्पिटलच्या मागच्या टेकडीवर पुरलं होतं.

आता यातली खरी भीती सांगते. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेलं की ते देवाच्या हातात, आपलं मागणं तिथे संपलं. आणि आम्ही चाळीस जण तीन रविवार तिला मागत होतो. उठू दे, बरी होऊ दे, कामाला लागू दे.

पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाईंना घरी जाऊन सांग. रविवारच्या आत. मी पुढच्या खेपेला येतोच आहे." मी नाही गेले. एक दिवस ऑफिस, एक दिवस डोकं दुखतंय, एक दिवस बाईंच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन परत आले. म्हटलं रविवारी लवकर पोचते आणि सांगते. तर बाई माझ्या आधी हजर, हातात स्टीलचा डबा.

"घे. रव्याचे आहेत. ताईच्या नावाचे." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असं काय तोंड केलंस? साखर बरोबर आहे, मी चाखलाय."

मी लाडू खाल्ला. काय करणार होते?

यादी वाचायची वेळ आली. पहिलं, दुसरं, तिसरं. म्हटलं चौथं गाळू. पण बाई पहिल्या बाकावर होत्या, छापलेल्या यादीवर त्यांचं बोट माझ्याबरोबर खाली सरकत होतं. मी वाचलं. माहीत असताना वाचलं.

"प्रभू, आमची विनंती ऐक."

आणि मग अर्ध्या सेकंदाने, मागून, एकटं: "ऐक."

मी मान वर केली. शेवटच्या बाकावर कुणी नव्हतं. दुसरीतल्या कुणाचीतरी विसरलेली पाण्याची बाटली होती, बस. कुणीच वळून बघितलं नाही, म्हणजे कुणाला ऐकू आलं नसणार. पाचवं नाव मी चुकून दोनदा वाचलं.

सगळे चहाला बाहेर गेल्यावर बाईंना वर्गात थांबवलं आणि सांगून टाकलं. सगळं, ईमेलसकट. बाई त्या चिमुकल्या बाकावर बसून ऐकत होत्या.

"तारीख?"

सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं, दोनदा.

"म्हणजे त्या बुधवारी..."

"हो, बाई."

"आणि आज? आज वाचलंस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

बाहेर कुणीतरी लाडवांचं कौतुक करत होतं, ते आत ऐकू येत होतं.

"देवाच्या हातात गेलेलं माणूस आपण परत ओढत नाही," बाई म्हणाल्या. "मी नकळत ओढलं. तू आज कळून ओढायला लावलंस, या सगळ्यांना." ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मागून ऐकू आलेलं मी त्यांना सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी ताईची बातमी सगळ्यांना दिली. बाई लगेच उठल्या. "मी दिलेली साक्ष मागे घेते. मला देवाचं बोलणं वाटलं, ते माझ्याच मनाचं होतं."

एक काका कळवळून म्हणाले, "असू द्या हो बाई! तिकडे वर ताई बरी झालीच असेल की. तुमचं खोटं कुठे ठरलं?"

"भाऊ, माझी चूक सजवू नका."

त्या खाली बसल्या. माझं नावही घेतलं नाही. मग मला बसवेना. उठले आणि सांगितलं की ईमेल मी उघडलं नव्हतं, आणि गेल्या रविवारी मला माहीत होतं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मागून एक काकू स्पष्ट म्हणाल्या, "फोन तर चोवीस तास हातात असतो हिच्या!" खरंच होतं ते.

यादी आता दुसऱ्या कुणाला द्यायची का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. बाई पुढे बघतच म्हणाल्या, "तिच्याकडेच राहू दे. मात्र आता नाव घेण्याआधी विचारत जाईल."

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी उरलेल्या आठही जणांना मेसेज करते. उद्या तुमच्यासाठी प्रार्थना आहे, कसे आहात? कुणी फोटो पाठवतं, कुणी नुसता अंगठा. उत्तर आलं की यादीत नावापुढे खूण करते. बाई आता माझ्याशी बोलतात, नेमकं आणि थोडं. माझ्या "जाम"वर काही म्हणत नाहीत. साक्षीच्या वेळी खिडकीबाहेर बघतात, आणि बुधवारी जेवतात.

गेल्या शनिवारी सात उत्तरं आली. आठवा मेसेज एका टिकवर अडकला. मिशनरी आहेत, बरोबर बायको, दोन लहान मुलं, डोंगराळ भाग, रेंज जाते म्हणे तिकडे. फोन केला, लागला नाही. तिकडच्या ऑफिसला सुट्टी.

रविवारी मी सात नावं वाचली आणि थांबले. म्हटलं, "यांचं उत्तर आलेलं नाही. मला माहीत नाही."

कुणालाच कळेना, "ऐक" म्हणायचं की नाही. पंखा तेवढा फिरत होता. बाईंचं बोट यादीच्या शेवटच्या ओळीवर होतं. त्यांनी ते उचलून मांडीवर ठेवलं, आणि आम्ही सगळे तसेच गप्प राहिलो. मी ऐकत उभी होते. कुणाची वाट बघत होते, ते मला सांगता येणार नाही.

आज मंगळवार. टिक अजून एकच आहे.