दक्षिणेच्या भिंतीपाशी दिवा

एका मंगळवारी माझा नवरा ऑफिसच्या पार्किंगमध्ये वारला. आदल्या रविवारी त्याने बेसमेंटमध्ये तिसरा व्हॉल्व्ह बसवला होता.

न्यू जर्सीतलं आमचं घर जुनं आहे. बॉयलरचं गरम पाणी भिंतीलगतच्या नळ्यांतून घरभर फिरतं. पूर्वी ते सगळीकडे एकदमच फिरायचं. वरच्या मजल्यावर उकडायचं आणि मागच्या खोलीत, जिथे सासूबाई राहतात, तिथे बोटं आखडायची. म्हणून त्याने घराचे तीन झोन करायला घेतले. एक नवा पंप, तीन व्हॉल्व्ह, तीन भिंतींवर खोलीचं तापमान मोजणारे तीन थर्मोस्टॅट. मला पुस्तकांतलं कळतं, नळांमधलं नाही. माझ्यासाठी त्याने ते सोपं केलं होतं. खोलीने मागायचं, व्हॉल्व्हने उघडायचं, पंपाने द्यायचं.

त्या रविवारी तो हात पुसत वर आला आणि आईंच्या दारात उभा राहिला.

"आई, तुझं संस्थान आजपासून स्वतंत्र. आता सुनेशी भांडू नकोस."

"सुनेशी कधी भांडले? मी तुझ्या बॉयलरशी भांडते."

थर्मोस्टॅटवर सत्तर फॅरनहाइटचा आकडा त्यानेच लावला.

तो गेल्यावर आईंनी त्याच खोलीत दिवा ठेवला, कारण संध्याकाळी तो तिथेच येऊन बसायचा. गेलेल्याच्या दिव्याची वात दक्षिणेकडे हवी. दक्षिणेच्या भिंतीपाशी एक उंच, अरुंद कपाट होतं. त्याच्यावर दिवा, शेजारी फोटो. दहा दिवस झाले, तेरावं झालं, तरी आईंनी दिवा विझू दिला नाही. वर्षश्राद्धापर्यंत ठेवते, म्हणाल्या. मी तेल आणून देत राहिले.

खोली गार पडायला लागली ती त्याच दिवसांत. आधी मला वाटलं, घरातलं माणूस गेलं की असंच वाटत असेल. मग एका सकाळी आईंना चहा द्यायला गेले तर त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. वरच्या मजल्यावर ऊब होती, स्वयंपाकघरात होती. याच खोलीत नव्हती. भिंतीवरचा थर्मोस्टॅट मात्र खोलीचं तापमान बहात्तर दाखवत होता. मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभी राहिले. हाताला जे लागत होतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी आईंना वर चला म्हटलं. त्या शाल ओढून बसून राहिल्या. थर्मोस्टॅट वाढवू का विचारलं, तर म्हणाल्या, त्याने लावलाय, हात लावू नकोस. छोटा हीटर आणला, तो त्यांनी दाराबाहेर ठेवायला लावला. शेवटी मी कारण विचारलं.

"त्याला गारच लागायचं," त्या म्हणाल्या. "थंडीतसुद्धा खिडकी उघडी टाकून झोपायचा. तो इथे येतो गं. तू त्याला उकडवू नकोस."

त्यांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात अशा खोलीत त्या हिवाळा काढणार नाहीत. हे मी आईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीला हलवतात.

मला भीती होती ती आणखी एका गोष्टीची. त्याचं शेवटचं काम चुकलं असेल, आणि त्या चुकीने त्याची आई जाईल. मी प्लंबरला बोलावलं. त्याने बेसमेंटमध्ये तिसरा व्हॉल्व्ह हाताने उघडून पाहिला, पंप पाहिला, वायरी पाहिल्या. काम चोख आहे म्हणाला. आईंच्या खोलीत जायला बूट काढावे लागले असते, म्हणून त्याने पॅसेजमधूनच मला थर्मोस्टॅटचा आकडा वाचायला सांगितला. मी वाचला. मग ती खोली ऊब मागतच नाहीये, तो म्हणाला, आणि गेला.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आई खुर्चीतच पेंगल्या आणि दिव्यातलं तेल संपलं. मी बाटली घेऊन आले तोवर वात विझली होती. काडी ओढणार, एवढ्यात कपाटाच्या वर, बरोबर दिव्याच्या डोक्यावर, थर्मोस्टॅटचा आकडा हलला. एकाहत्तर. मग एकोणसत्तर. मी तशीच थांबले. तो साठाच्या खाली उतरला. मधेच केव्हातरी खाली बेसमेंटमध्ये काहीतरी खट्‌ झालं, पंप घुमू लागला आणि भिंतीलगतची नळी तडतडायला लागली. जणू खोलीत कोणीतरी हळूहळू चालत होतं.

त्या आवाजाने आई जाग्या झाल्या. विझलेल्या दिव्याकडे त्यांनी पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ज्योतीची धग थर्मोस्टॅटला लागत होती, त्याला खोली उबदार वाटत होती, म्हणून व्हॉल्व्ह उघडतच नव्हता.

"म्हणजे काम त्याने नीट केलं होतं."

"हो आई."

त्यांनी नळीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मग इतके दिवस इथे कोण होतं?"

त्यांनीच दिवा उचलून माझ्या हातात दिला.

आता दिवा जेवणाच्या खोलीत असतो, तिथल्या दक्षिणेच्या भिंतीपाशी. आईंचा खोकला गेला आहे. त्या खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपतात, आणि खाली तिसरा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा असतो.