हिरव्या रिपोर्टला न भुललेल्या चाचणीबाई

ऑफिसात त्यांना सगळे चाचणीबाई म्हणत, आणि त्या म्हणण्यात थोडी धास्तीही असे. बाईंचा खाक्याच तसा. दुसऱ्याचा प्रोग्राम हातात आला की आधी तो मुद्दाम मोडायचा, आपली चाचणी लाल, म्हणजे नापास, होते का ते बघायचं, मगच सही. "ज्याला ओरडताच येत नाही तो राखणदार काय कामाचा?" असं त्या म्हणत.

यंदाचं काम एका हॉस्पिटलचं होतं. पेशंटला एका बेडवरून दुसऱ्यावर हलवणारी प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसच्या पोटातच ठेवलेला छोटा प्रोग्राम. जुना बेड रिकामा, नवा भरलेला. होतील तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही, असा तो व्यवहार. मध्येच बिनसलं तर सगळं पहिल्यासारखं करायचं, याला रोलबॅक म्हणतात. बाईंच्या चाचण्याही रोलबॅकनंच संपत, म्हणजे त्यांचे खोटे पेशंट डेटाबेसमध्ये मागे राहत नसत.

गुरुवारी रिपोर्ट हिरवागार आला. दुपारच्या गाडीनं बाई लेकीकडे निघणार होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि बाईंनी शब्द दिला होता, मी तुझ्याजवळ असेन. बॅग टेबलाखाली तयार होती. फक्त सही राहिली होती, आणि सहीआधीची मोडतोड.

बाईंनी जुना बेड रिकामा करणारी ओळच काढून टाकली. तरी रिपोर्ट हिरवा. आता तर तो लाल व्हायला हवा होता. चूक शोधायला लांब जावं लागलं नाही, कारण ती खुद्द बाईंचीच होती. आवराआवर सोपी पडते म्हणून त्यांनी सगळ्या चाचण्या एकाच व्यवहारात गुंडाळल्या होत्या. शेवटच्या चाचणीत नवा बेड आधीच भरलेला असे, प्रोसिजर इमानेइतबारे रोलबॅक करी, आणि त्या रोलबॅकमध्ये बाईंचा अख्खा व्यवहारच पुसला जाई. आधीच्या नापास चाचण्यांच्या नोंदी त्यातच होत्या, त्याही जात. नापासाची एकही नोंद नाही, म्हणजे सगळे पास. घ्या आता.

"अहो बाई, हिरवं दिसतंय ना? करा सही आणि सुटा," साहेब म्हणाले. "लेक वाट बघत असेल."

"बघतेय. पण हा रिपोर्ट थापा मारतोय साहेब, आणि त्याला शिकवलं मीच."

गाडी चुकली. बाईंनी चाचण्या सुट्या केल्या, नोंदी रोलबॅकचा हात पोचणार नाही अशा जागी हलवल्या आणि काढलेली ओळ परत लावली. तरी एक चाचणी लालच राहिली. प्रोसिजर लिहिणाऱ्यानं जुना बेड रिकामा झाल्या झाल्या व्यवहार पक्का करून टाकला होता, म्हणजे तिथून मागे फिरणं नाही. नवा बेड ऐन वेळी दुसऱ्यानं घेतला, तर पेशंट ना इकडे ना तिकडे. नर्सच्या यादीतून माणूसच गायब. लिहिणारा बिचारा ओशाळला आणि लगेच दुरुस्तीला लागला. बाईंची सही शुक्रवारी झाली.

गाडीत असतानाच जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग खिडकीकडे तोंड करून त्या बराच वेळ रडल्या.

लेक उशीला टेकून बसली होती, बाळ कुशीत. "शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता. मोडला. फार वाईट वाटतंय मला त्याचं." मग बाईंनी काय झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा.

लेकीनं नीट ऐकून घेतलं. "तशीच सही करून आली असतीस, तर माझा हात धरून मनात बेडच हलवत बसली असतीस."

"हो," बाई म्हणाल्या. खोटं कशाला बोला.

"मग आत्ता आलीस ती अख्खी आलीस. घे हिला."

बाईंनी हात धुतले आणि नातीला घेतलं.