बोल्टवर नंबर नसलेली इटालियन रायफल

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग सिंगापूरला, सेंगकांगमध्ये आहे. लेकीचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट हे हेडक्वार्टर आणि लेक मृणाल कमांडिंग ऑफिसर. ०५०० ला उठायचं, खालच्या बागेत तीन फेऱ्या, ०६३० ला चहा. ०७१५ ला ती तुआसच्या कारखान्यात ड्यूटीवर जाते. मग संध्याकाळपर्यंत मला काम नाही. चोवीस वर्षं मी फौजेत आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा हवालदार. हात रिकामे राहिले की शिवशिवतात. पहिल्या महिन्यात मी फ्लॅटमधली सगळी बिजागरं, दोन नळ आणि प्रेशर कुकर खोलून पुन्हा जोडले.

"बाबा, तुमच्यासाठी खरं काम आणलंय," मृणाल म्हणाली. "पण आधी माझा कुकर पूर्वीसारखा करा."

काम असं होतं. तिच्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे मिस्टर ओंग, वय बहात्तर. तुआसला त्यांचं मशीन शॉप आहे. ऑफिसात काचेच्या पेटीत एक जुनी रायफल आहे. नाल, म्हणजे नळी, आतून बंद केलेली, फायरिंग पिन काढलेली, लायसन्स भिंतीवर. ती रायफल कुठली, एवढंच त्यांना हवं होतं.

शनिवारी ०९३० ला मी रिपोर्ट केलं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात भिंग आणि टॉर्च. ओंगनी कॉफी मागवली आणि मला "सार्जंट" म्हणायला सुरुवात केली. फौजेच्या हिशेबात हवालदार म्हणजे सार्जंटच, त्यामुळे मी खूश. शेजारी त्यांची मोठी बहीण बसली होती. शहात्तर वर्षांच्या, ताठ पाठीच्या. सगळे त्यांना आंटी म्हणत होते.

ओंगनी हकिकत सांगितली. युद्धात सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात होतं. त्यांचे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे, एका शेडमध्ये सक्तीची हमाली करत. तिथे हिंदी युद्धकैदी रायफली साफ करायचे. त्यांतला एक गणपत नावाचा शिपाई. आधी आफ्रिकेत इटालियन फौजेशी लढलेला. या शेडमधल्या काही रायफली जपानी नाहीत, इटालियन आहेत, असं त्याने वडिलांना हळूच सांगितलं होतं. वडील तापाने पडले तेव्हा गणपत आपल्या वाट्याचा अर्धा भात त्यांना देत राहिला. वडील उठले. गणपत मात्र त्याच शेडमध्ये वारला.

पुढे ती शेड पाडताना माळ्यावर ही एकच रायफल सापडली. पोलिसांनी ती निकामी करून दिली. पण ज्याने ज्याने पाहिली तो म्हणाला, जपानी आहे. कॉफीच्या दुकानात वडिलांची चेष्टा व्हायची. सिंगापुरात इटालियन रायफल कुठून येणार?

"आमच्या सातव्या महिन्यात पितरांना जेवण ठेवतात," ओंग म्हणाले. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच ते. "वडील दर वर्षी गणपतसाठी एक वाडगा ठेवायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि ताईने बंद केलं."

"रायफलची गोष्ट खोटी, तर माणूसही खोटा," आंटी म्हणाल्या. "नसलेल्या माणसाला मी जेवायला का वाढू?" त्यांचं इंग्रजी तोडकं होतं, पण मुद्दा लख्ख.

सातवा महिना आठ दिवसांवर आला होता. ओंगना वाडगा ठेवायचा होता आणि त्यासाठी आंटींची खात्री पटायला हवी होती. ती पटवायचं काम माझ्यावर आलं होतं.

मी रायफल टेबलावर घेतली. मॅगझिन जपानी पद्धतीचं. पण जपानी रायफलवर राजघराण्याचं फूल कोरलेलं असतं, ते इथे नव्हतं. शरणागतीच्या वेळी पुष्कळ रायफलींवरचं फूल घासून काढलं होतं, म्हणून मी भिंगाखाली पाहिलं. घासल्याची खूण नाही. नालीवर डाव्या बाजूला एक रोमन अक्षर आणि चार आकडे. गाडी बरोबर रुळावर होती. मग मी बोल्ट, म्हणजे काडतूस नालीत ढकलणारा सरकता दांडा, बाहेर काढला, त्यावर नंबर शोधला आणि माझी चूक झाली.

आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टवर रायफलचाच नंबर ठोकलेला असायचा. नंबर जुळला नाही तर हत्यार बाजूला, आर्मोररचा लाल शेरा. चोवीस वर्षं मी हेच केलं. इथे बोल्टवर नंबरच नव्हता.

"बोल्ट या रायफलचा नाही," मी जाहीर केलं. "जोडाजोड आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

विचार न करता बोललो. कुणी विचारलं नसतानाही सेकंदात निकाल द्यायची माझी जुनी खोड. आंटी उठल्या आणि पर्स घेऊन बाहेर गेल्या. ओंगनी कॉफीचे पैसे द्यायची माझी धडपड हसून थांबवली, पण चेहरा उतरला होता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

घरी जेवण गेलं नाही. मृणालने ताट पुढे सरकवलं.

"बाबा, हे इंग्रजांच्या रायफलीचे नियम. इटलीवाल्यांनी ते का पाळावेत?"

पोरगी इंजिनिअर आहे. १४१० ला मी कराडला फोन लावला. सुभेदार माने, निवृत्त. ट्रेनिंगमध्ये ते माझे उस्ताद होते आणि जगभरची हत्यारं त्यांनी हाताळली आहेत.

"माने साहेब, जय हिंद. इटालियन रायफल. बोल्टवर नंबर कुठे असतो?"

"नसतो."

"नसतोच?"

"त्या काळच्या त्यांच्या रायफलींवर मारायचे नाहीत. बोल्टमागची सेफ्टीची कळ कसली आहे?"

"मागे छोटा पंख. उभा-आडवा फिरतो."

"जपानीला मागे गोल बोंड असतं, तळहाताने दाबायचं. मॅगझिन?"

"जपानी."

"मग ती जपानने इटलीकडून बनवून घेतलेली. युद्धाच्या आधी. लाकूड उतरव, नालीखाली बघ. आणि गाढवा, आधी विचारायला काय झालं होतं?"

"चूक झाली, साहेब."

"ओव्हर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोनवर ओव्हर म्हणायची त्यांची सवय आजही आहे.

रविवारी १००० ला मी पुन्हा तुआसला. ओंगना आधीच सांगितलं होतं, आंटींना काहीही करून आणा. त्या आल्या, पण दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभा राहिलो.

"आंटी, काल मी चुकीचं बोललो. चूक माझी. तुमच्या वडिलांची नाही."

त्यांनी नुसती हनुवटी हलवली. पुढे बोला.

ओंगच्या परवानगीने मी कड्या सैल केल्या, दोन स्क्रू काढले आणि नाल लाकडापासून वेगळी केली. खाली, जिथे इतक्या वर्षांत उजेड पोहोचला नव्हता, तिथे तपासनिसांचे बारीक शिक्के होते. सगळे रोमन अक्षरांत. जपानी अक्षर एकही नाही. लाकडाच्या आत तेच अक्षर आणि तेच चार आकडे, नालीवर होते तसे. नाल आणि लाकूड जन्मापासून एकत्र होते.

मी आंटींच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"इटालियन?"

"शंभर टक्के. बाहेरून पाहणाऱ्याला जपानी वाटणारच. ज्याने इटालियन रायफलचा बोल्ट आधी हातात धरला आहे, त्यालाच हे ओळखता येईल. एकोणीस वर्षांच्या हमालाला ते कुणीतरी सांगितलं असणार."

ओंगना आधी उमगलं. "वडिलांना सांगणारा माणूस होता!" ते टेबलावर थाप मारून ओरडले. "कॅन लाह, सार्जंट! कॅन!" म्हणजे इथल्या बोलीत, जमलं! आणि मला मिठी मारली. माझ्या शर्टाची इस्त्री गेली. मला इतका आनंद झाला की मीही त्यांच्या पाठीत दोन-तीन दणके घातले.

आंटी हसल्या नाहीत. त्यांनी भिंग घडी केलेल्या रुमालावर ठेवलं.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी त्याला उपाशी ठेवलं."

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, तो काय खात असेल? मला कसं माहीत असणार? त्याचं गाव माहीत नाही, पलटण माहीत नाही. पण नाव गणपत, म्हणजे बहुतेक आमच्याच मुलखातला. मी अंदाजाने सांगितलं, भाकरी आणि पिठलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही टॅम्पिनीसला त्यांच्या घरी गेलो. मृणालने ज्वारीच्या चार भाकऱ्या नेल्या होत्या. दोन तव्यावरच फाटल्या होत्या, पण आंटींनी चारही ठेवून घेतल्या. खाली इमारतीसमोर बेवारस आत्म्यांसाठी वेगळं टेबल मांडलं होतं. ओंग गणपतचा वाडगा घेऊन तिकडे निघाले.

"तिकडे नाही," आंटी म्हणाल्या. "तो बेवारस नाही."

त्यांनी वाडगा घरात वडिलांच्या तसबिरीशेजारी ठेवला. भात, त्यावर पिठलं, बाजूला भाकरी. उदबत्ती लावली. आई-वडिलांना, आजी-आजोबांना त्यांनी आपल्या भाषेत जेवायला बोलावलं. मग माझ्याकडे वळल्या.

"त्याला आमची भाषा कळणार नाही. तुम्ही बोलवा."

मी बूट काढले होते, तरी टाचा जुळवल्या. 

"गणपतराव," मी म्हणालो, "उशीर झाला, माफ करा. पान वाढलंय. या, जेवून घ्या."