केसपेपरवरचं 'नाही'

महाडच्या एका खाजगी दवाखान्यात मी तेव्हा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होतो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या डॉक्टरांनी तीन प्रश्नांचा एक रबरी शिक्का करून घेतला होता. भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर तो मारायचा आणि विचारायचं: दारू घेता का, रोज किती, शेवटची कधी. ते काम माझं. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, "बरोबरच्या माणसांना बाहेर काढून विचार."

कुडपणचे एक साठीचे शेतकरी आले. भाताच्या रोपांआधी जमीन भाजायची, त्या राबासाठी ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडताना पडले, मांडी मोडली. जीपमधून त्यांच्याबरोबर गावकीची सात-आठ माणसं उतरली आणि खाटेभोवती उभी राहिली. त्यातले दोघे माझ्या आईच्या माहेरचे. कालचं पोर आम्हाला बाहेर काढतं, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी सगळ्यांसमोरच विचारलं,

"बाबा, दारू घेता का?"

माणसं हसली. "अरे, कुणाला इचारतोस? गावात दारूबंदीचा ठराव ह्यानंच मांडला! हा चायपन अर्धाच कप घेतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाय."

सदरा कापायला वाकलो होतो तेव्हा मला वास आला होता. तरी मी 'नाही' लिहिलं. पुढचे दोन प्रश्न रिकामे सोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे हात थरथरू लागले. दुपारी भिंतीजवळ कुणी नसताना ते माणसं दिसल्यासारखं हाकलू लागले, वजन लावलेला पाय ओढू लागले. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला.

"दारू नाही ना? नक्की?"

"नाही, सर. विचारलंय."

डोक्याला मार असेल म्हणून त्यांना मुंबईला हलवायचं ठरलं. गाडी येईपर्यंत दोन तास मी त्यांच्या उशाशी होतो. रोजची दारू एकदम तुटल्यानं हे होतंय, हे मला कळत होतं. बोललो असतो तर कपाटातल्या औषधानं तिथेच उपचार सुरू झाले असते. पण एकदा नाही म्हणालो, आता कसं फिरवू, एवढंच माझ्या डोक्यात.

गाडी दारात लागली तेव्हा सांगितलं. डॉक्टर आत धावले, इंजेक्शन दिलं. तोवर ताप फार चढला होता. झटके आले. संध्याकाळी ते गेले.

त्यांची बायको तीन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर होती. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मी तिच्यापुढे बसून सगळं कबूल केलं.

"मला इचारायचंस रे," ती म्हणाली. "सकाळी चूळ भरायच्या आधी लागायची त्यांना. मी सांगितलं असतं." मग गावकीच्या माणसांकडे बघून आवाज खाली आणला. "ह्यांना नको बोलूस. त्यांची अब्रू ऱ्हाऊ दे."

मी बोललो नाही. अब्रू त्यांची राहिली आणि माझीही. दहाव्याला कुडपणला गेलो तर गावकीनं मला मानानं पुढे बसवलं. शेवटची सेवा ह्यानं केली, असं चारचौघांत सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत बसलो, आणि पानावर वाढलेलं जेवलोही.