बेडक्याची डबी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात कधी आणलेलं नाही. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, लाइटचं बिल, कुणाच्या बाळाचा कोणता डोस कधी, सगळं माझ्या वहीत असतं. काम झालं की बरोबरची खूण करायची आणि पुढे जायचं. ही एक गोष्ट मात्र वहीत कधी लिहिली नाही. लिहिली असती तर रोज सकाळी तिच्याकडे बघावं लागलं असतं — नाही का?

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं. ओळखणारे मला फार मानतात आणि ते मानणंच आता सोसत नाही. जिभेवर काहीतरी आंबट साचल्यासारखं होतं.

आमची वसाहत नाशिकरोडला, रुळांच्या पलीकडे. बहुतेक घरं बौद्धांची — कामगार, कारकून, दोन-चार शिक्षक. मी एका सरकारी कचेरीत, नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमच्याकडच्या बायका दवाखान्यात जायचं टाळायच्या. पत्ता सांगितला की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको.

गयाबाईंनी हे बदललं. मी नाही, त्यांनी. हे आधी नोंदवून ठेवते, कारण नंतर सगळं श्रेय माझ्याकडे आलं. गयाबाई निफाडकडच्या. साठीला टेकलेल्या, विधवा. निम्म्या वस्तीची बाळंतपणं त्यांच्या हातची. अक्षरओळख नाही. एका रविवारी विहारात बुद्धवंदना संपली आणि त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आपला दिवा आपुनच व्हायचं, असं दर रविवारी म्हणतो ना आपण? मंग आपल्या पोरींच्या अंगात रगत हाय का नाय ते बघायला दुसऱ्याच्या दारात कशाला जायाचं?"

वस्तीतल्याच एका नर्सने आम्हा सात जणींना शिकवलं. बोट टोचून रक्त तपासायचं, वजन घ्यायचं, ब्लडप्रेशर बघायचं. पहिलं बोट गयाबाईंनी पुढे केलं. माझा हात थरथरत होता. त्या म्हणाल्या, "टोच की गं! तुझी दोन्ही पोरं बाहेर काढताना मी थरथरले होते व्हय?" सगळ्या हसल्या. तिथून आमचं काम सुरू झालं.

नोंदी माझ्याकडे आल्या. आणि मी एक पद्धत घातली, तिचा मला फार अभिमान होता. दर रविवारी वंदनेनंतर यादी मोठ्याने वाचायची. कुणाचं रक्त कमी, कुणाचं वजन उतरलं, कुणाचा खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला, सगळं सगळ्यांसमोर. जिची तपासणी राहिली तिचं नाव विहाराच्या दाराशी, चपला काढतो तिथल्या फळ्यावर. आजार लपवायचा नाही, लपवून तो वाढतो, असं मी शंभरदा सांगितलं असेल. जुना खोकला असला की त्या बाईला डबी द्यायची, तिने सकाळी उठल्याबरोबर बेडका त्यात काढायचा, आणि कचेरीत जाता जाता मी ती डबी महापालिकेच्या दवाखान्यात पोचवायची. डबी नेण्याचं काम माझंच. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझा जीव धजत नसे — हरवली, सांडली तर?

तीन वर्षं चोख चाललं. त्या काळात टीबीचे दोघे सापडले, दोघे बरे झाले.

आता कचेरीतल्या बाईंचं सांगायला हवं. नाव नको. शेजारच्या टेबलावर बसायच्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, असं सगळे म्हणायचे. पाण्याचा पेला मात्र त्यांचा वेगळा, ड्रॉवरमध्ये ठेवलेला, आणि मी चहा आणून दिला की त्यांना नेमकी तेव्हाच ॲसिडिटी व्हायची. एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या तिकडे टीबी फार असतो, नाही हो?" सहज. भाजीचा भाव विचारावा तशा. मी हसले. काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हसले होते, ते मात्र आठवतं.

चौथ्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मनमाडच्या महिला मंडळाच्या पंचवीस-तीस बायका आमचं काम बघायला येणार होत्या. त्यांनाही तसंच सुरू करायचं होतं. मी एक मोठा तक्ता करायला घेतला. घरं किती, माणसं किती, तपासणी किती, रक्त वाढलं किती जणींचं. आणि शेवटचा रकाना, आजमितीला टीबीचे रुग्ण. तिथे मला एकच शब्द हवा होता: निरंक. आमच्या कचेरीचा शब्द, काहीही शिल्लक नाही अशा अर्थाचा. आणि त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी आमंत्रण दिलं होतं. येते म्हणाल्या होत्या.

समजलं ना, मी कुठे चालले आहे ते? मलाही तेव्हा समजत होतं. अंधारात काही घडलं नाही.

गयाबाई त्या हंगामात द्राक्षाच्या बागांवर कामाला जात होत्या. खोकला तिथूनच लागला. फवारणीचा असेल, म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. मग गळ्याखालची हाडं दिसायला लागली. रविवारी वजनकाट्यावर त्या उभ्या राहिल्या, आकडा मी वाचला — दोन किलो वाढवून वाचला. हे पहिलं खोटं. खोकल्याच्या यादीत त्यांचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीच वंदनेनंतर मला बाजूला घेतलं. "मला बी एक डबी दे गं. तीन आठवडं कवाच होऊन गेले. नेम म्हंजी नेम."

पौर्णिमेला पाच दिवस होते. मी डबी दिली. न देऊन कसं चाललं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. डबी जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली, झाकण घट्ट, वरून दोऱ्याचे दोन वेढे. मीच शिकवलं होतं तसं, तंतोतंत. मी ती पिशवीत ठेवली आणि निघाले.

दवाखाना उजवीकडे लागतो. मी डावीकडे वळले. रेल्वे फाटकाच्या पुढे एक नाला आहे, पुढे जाऊन वालदेवी नदीला मिळतो. सकाळची वेळ, लख्ख ऊन, रस्त्यावर खेळणारी मुलं. मी कठड्याशी उभी राहिले, पिशवीतून डबी काढली आणि टाकली. बुडाली नाही लगेच. एका प्लास्टिकच्या पिशवीला अडकून थोडा वेळ तशीच तरंगत राहिली. पातळाचा तुकडा हिरवा होता.

मग मी कचेरीत गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. तेवढं आरोग्याचं ज्ञान मला होतं.

पंधरा वेळा तरी आजवर मी स्वतःला विचारलं असेल — अहवालात काही निघालंच असतं कशावरून? काय बाष्कळ प्रश्न! निघणार याची मला खात्री होती, म्हणून तर टाकली. शंका असती तर मी ती दवाखान्यात नेली असती.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. सून संगीता भाकरी थापत होती. मी म्हटलं, "गयाबाई, अहवाल आला. काही नाही निघालं." त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले आणि हसल्या. कागद मागितला नाही. "तू सांगितलं म्हंजी झालं," म्हणाल्या.

पौर्णिमा थाटात झाली. पांढऱ्या साड्या, खीर, मनमाडच्या बायकांचे प्रश्न, आणि माझं उभं राहून तक्ता समजावणं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळ्या म्हणाल्या. गयाबाई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, कार्यक्रमात खोकून व्यत्यय नको म्हणून. कचेरीतल्या बाई आल्या. वीस मिनिटं बसल्या. तक्त्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून नक्की सांगते. खीर दिली तर म्हणाल्या, आज उपास आहे.

त्यांच्यासाठी केलं होतं सगळं. तो तक्ता, तो शब्द, ती डबी. आणि त्या वाटीला त्यांनी हातही लावला नाही! या जागी कुणी म्हणेल की त्या बाई कशा होत्या बघा. नको. त्यांनी काही नाल्यात टाकलं नाही. टाकलं मी, आणि माझ्याच माणसाचं टाकलं.

पौर्णिमेनंतर दुसरी डबी देता आली असती. कुणी विचारलंही नसतं. पण मनमाडहून आमच्या कौतुकाचं पत्र आलं, तक्ता विहारात कायमचा लागला, आणि आता नाव निघालं तर तक्ता खोटा ठरला असता. मी रोज त्यांच्या दारावरून जात होते. खोकला ऐकू येत होता. मी चालण्याचा वेग वाढवत असे.

संगीता सासूला स्टेशनजवळच्या खाजगी डॉक्टरकडे न्यायला तयार होती. रिक्षा बोलावली होती एकदा. गयाबाई गेल्या नाहीत. हे मला संगीतानेच नंतर सांगितलं, हुबेहूब त्यांच्या आवाजात: "आपल्या पोरींनी तपासलंय की! त्या डाक्तरला काय माझी जास्त कळकळ हाय व्हय? आपुनच आपल्या पोरींवर इसवास नाय ठेवायचा, मंग कोन ठेवील?"

या वाक्यावर किती वेळ बसावं? मी बसू शकत नाही. उठून काहीतरी कामाला लागते.

ऑगस्टमध्ये त्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात मीच पुढे होते — खाट मिळवली, चादरी आणल्या, कोण कधी थांबणार त्याची यादी केली. अहवालात टीबी निघाला, दोन्ही फुफ्फुसांत. डॉक्टरांनी विचारलं, आधी तपासलं नव्हतं का? संगीता म्हणाली, "तपासलं होतं सर, तेव्हा काही नव्हतं." मी शेजारी उभी. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एका नमुन्यात कधी कधी सापडत नाही. मला आयतं वाक्य मिळालं. मी मान डोलावली. अकराव्या दिवशी गयाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या मला म्हणत होत्या, "तुझी काय चूक गं, मशीनला दिसलं नसंल."

शोकसभेत मी बोलले. रडलेही. ते अश्रू खोटे नव्हते, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. त्या दिवशीही आधी पंचशील झालं. चौथं शील, खोटं बोलणार नाही. माझा आवाज जरासुद्धा अडकला नाही. तेव्हाही नाही, नंतरच्या कुठल्याही रविवारी नाही.

मग संगीताची तपासणी केली. तिलाही निघाला. सासूचं सगळं तीच करत होती ना. सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ती माझ्या दारात येऊन माझ्यासमोर गोळ्या घ्यायची. पाण्याचा तांब्या मी द्यायचे. ती बरी झाली. आता गट तीच चालवते, माझ्यापेक्षा चांगला. नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "या ताई होत्या म्हणून मी जिवंत आहे."

आणखी एक. गयाबाई गेल्यावर मी नियम केला — डबी एकटीने न्यायची नाही. दोघींनी न्यायची, दवाखान्यात दोघींनी सही करायची, आणि अहवालाचा कागद बाईच्या हातात द्यायचा, वाचता येवो न येवो. सगळ्यांना वाटलं, किती बारकाईने विचार करतात ताई. मी विचार नव्हता केला. कुठे भोक आहे ते मला ठाऊक होतं, कारण ते मीच पाडलं होतं. मनमाडलाही आता तसंच करतात. त्याला माझ्या नावाने ओळखतात. गेल्या वर्षी त्यासाठी शाल दिली मला, विहारातच, त्याच तक्त्याच्या खाली उभं करून. शाल संगीताने घातली. मी खांदे पुढे केले.

त्या वर्षाची वही अजून माझ्या कपाटात आहे. गयाबाईंच्या ओळीत, बेडका तपासणीच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलेलं आहे आणि पुढे बरोबरची खूण.

त्यांचा बेडका कुणी तपासलाच नाही. मशीनला दिसला नाही असं झालं नाही, कारण तो मशीनपर्यंत गेलाच नाही. मी तो नाल्यात टाकला, सकाळी साडेनऊला, कचेरीत जाता जाता.