आडोशाची लिली

पालमला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. मी सकाळी ओट्यावर बसलो, की ते तारेच्या कुंपणाशी येतात. "काय सर, चहा प्यायलाय का?" मग माझ्याकडं नीट बघून, "बनियन उलटं घातलंय जणू."

कंटाळून मी आडोसा करायचं ठरवलं. नर्सरीवाला म्हणाला, "लिली लय वाढते." मी कंद आणून कुंपणालगत लावले. कोणत्या दिशेनं वाढते, हे काही मी विचारलं नाही.

लिली गुडघ्याच्या वर गेलीच नाही. बुडाशी पिलं काढत ती आडवी पसरत राहिली आणि थंडीत तर पानंही गळून गेली. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आडोसाच पाहिजे होता तर शेवरी लावायची, सर."

"छे हो, शोभेला लावलीय," मी म्हणालो. ते पटल्यासारखं हसले.

यंदा चैत्रात लिलीला लालभडक फुलं आली, तीही तारेपलीकडं, त्यांची मोटारसायकल सावलीत उभी असते तिथं. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर उन्हात होती आणि ते तापलेल्या सीटवर तांब्यानं पाणी ओतत होते.

"सावलीत लावा की गाडी," मी म्हणालो.

"तिथं तुमची लिली फुलायलीय. पर फुलांचं तोंड माझ्याकडं हाय. बघायचं तर इकडून या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. तिथून आमचा ओटा अगदी स्पष्ट दिसतो. बघण्यासारखं मात्र त्या ओट्यावर काहीच नाही.