खोलीच्या राखणीला

आम्ही कळंबोलीला आलो ते मुंबई परवडेनाशी झाली म्हणून. हे मी लोकांना कधी सरळ सांगितलं नाही. मोकळी हवा, लेकीची शाळा जवळ, माझं ऑफिस बेलापूरला, असं काहीबाही सांगत आलो. हवा कसली मोकळी. सकाळी खिडकीचा कट्टा पुसावा तर दुपारपर्यंत लोखंडाच्या बाजारातली काळी-तांबूस पूड परत तिथं हजर. दिवसभर ट्रेलरचे हॉर्न. सोसायटीच्या टाकीतलं पाणी असं, की पांढरा शर्ट चार धुण्यांत चहाच्या फडक्यासारखा होतो. पण मला शिसारी येते ती या कशाची नाही. ही घाण पुसता येते.

परळला आमची पागडीची खोली होती. दहा बाय बारा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर. आई गेल्यावर आम्ही चौघं तिथं राहत होतो: अण्णा, मी, बायको आणि मुलगी. मुलीला कपडे बदलायचे असले की आम्ही दोघे बापलेक गॅलरीत जाऊन रस्ता बघत उभे राहायचो. त्या भागात दुसरी जागा घेणं या जन्मात जमणार नव्हतं. कळंबोलीला जमलं. हॉल, एक बेडरूम, किचन.

आणि नेमकं तेव्हाच चाळ पाडून नवी बांधायला बिल्डरकडे जायचं ठरलं; राहत्या भाडेकरूंना तिथंच नवी जागा मिळणार होती. कमिटीच्या सेक्रेटरीनं गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकवलं, "सर्व्हे होणार. बंद खोली म्हणजे वादातली खोली. लाइट बिल, गॅस आणि माणूस, तिन्ही दिसलं पाहिजे. माणूस कुठलाही चालेल."

कुठलाही म्हणजे म्हातारं, हे कुणी कुणाला समजावलं नाही. आपोआप समजलं.

अण्णा तीस वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या धुलाईखात्यात होते. रक्तानं, पुवानं भरलेल्या चादरी त्यांच्या हातून पांढऱ्या होऊन वॉर्डात परत जायच्या. घरातही त्यांना एक डाग खपत नसे. कळंबोलीच्या वास्तुशांतीला ते आपली पत्र्याची ट्रंक घेऊनच आले. सगळा फ्लॅट फिरून पाहिला आणि हॉलच्या खिडकीखाली ट्रंक ठेवली. "हितं मी. सकाळचं ऊन पायावर येईल."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना ट्रंकेसकट परत नेलं. आदल्या संध्याकाळी किचनमध्ये बायको म्हणाली होती, "अहो, अण्णांना एकटं ठेवायचं? खोली गेली तर गेली."

"दोन महिने फक्त. तुला काय वाटतं, मला आवडतंय?"

अण्णांनी टॅक्सीत एवढंच विचारलं, "गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंयस?"

मग रविवार सुरू झाले. मी डबा घेऊन जायचो. जिना चढताना कळायचं की मजला रिकामा होत चाललाय. कुणी पनवेलला, कुणी बदलापूरला, कुणी विरारला. प्रत्येक खोलीत एकेक म्हातारं माणूस उरलेलं. भाडेकरू कमी, त्यामुळे झाडूवाली येईनाशी झाली. मजल्याच्या टोकाचा संडास तुंबला की आठ-आठ दिवस तसाच. पाणी पहाटे पाचला, तेही दोन बादल्या. पागोळीच्या पायपातून गुबगुबीत उंदीर वर यायचे आणि माणसाला घाबरायचे नाहीत. मी नाकाला रुमाल लावून मजला ओलांडायचो आणि खोलीत तासभर बसायचो. अण्णांसमोर रुमाल काढायचो, एवढी लाज होती.

शेजारच्या खोलीत एक मावशी होत्या. त्यांची दोन्ही मुलं बदलापूरला. मला जिन्यात बघून हमखास म्हणायच्या, "आलास? कुलपाला तेल घालायला?"

"काय हो मावशी."

"खोटं बोलत्ये का? आमी सगळी कुलपंच इकडे. चाव्या तुमच्याकडे." आणि अण्णांना हाक मारायच्या, "अहो कुलूप, चिरंजीव आलेत. डब्यात काय आणलंय बघा, मला थोडं काढा."

अण्णा हसायचे. मीही हसायचो. आता ते हसू आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

चौथ्या महिन्यात सर्व्हे आला. ऑफिसात लोकांचे रहिवासाचे पुरावे तपासणं हेच माझं काम, त्यामुळे राहतं घर कसं दिसतं ते मला बरोबर माहीत होतं. मी रजा टाकली. बायकोला आणि मुलीला सकाळच्या गाडीनं आणलं. दोरीवर मुलीचे ओले कपडे घातले, कोपऱ्यात दप्तर टाकलं, कुकर चढवला. अण्णांना पढवलं, चौघं राहतो म्हणायचं. बायको कुकरसमोर पाठ करून उभी होती, ती शेवटपर्यंत वळली नाही.

सर्व्हेचा माणूस तिशीचा, घामेजलेला. त्यानं कागद पाहिले, मीटर पाहिला, मग मोरीवरच्या फळीकडे बघत राहिला.

"किती जण राहता, काका?"

"चार," अण्णा म्हणाले.

"ब्रश एकच दिसतोय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. मग ते म्हणाले, "बाकीचे आत आहेत."

आत काही नव्हतंच. एक खोली, एक मोरी. त्या माणसानं पेनाचं टोपण लावलं. "सगळ्या मजल्यावर एकेकच ब्रश आहे, काका. मी चार लिहितो." आणि गेला. मला इतकं हायसं वाटलं की मी खाली जाऊन सगळ्यांसाठी भजी आणली. अण्णांनी खाल्ली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यासाठी खोटं बोलले होते आणि मी भजी खात होतो.

सर्व्हे झाला. आता त्यांना आणायला हरकत नव्हती. सेक्रेटरी म्हणाला, करार होईपर्यंत माणूस असलेला बरा. बरा म्हणाला, हवाच असं नाही. मी बायकोला मात्र हवाच असं सांगितलं.

आजवर कुणाला बोललो नाही ते हे. खोलीचं निमित्त होतं. त्या चार महिन्यांत खिडकीखालच्या जागेत आम्ही सोफा घेतला होता. संध्याकाळी मी त्यावर पाय पसरून टीव्ही बघायचो. अण्णांचा पहाटेचा खोकला नव्हता, बेसिनमध्ये खाकरणं नव्हतं, बाथरूमला तासन्तास लागणं नव्हतं. घर मला पहिल्यांदा माझं वाटत होतं. सकाळच्या उन्हात त्या सोफ्यावर माझे पाय असायचे. असं दीड वर्ष चाललं.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी अण्णांनी पायात मोजे घातले होते.

"मोजे कशाला, अण्णा? उकडतंय किती."

"गार लागतं जरा."

अण्णांना पंधरा वर्षं साखरेचा आजार. पावलांना कधीच नीट कळायचं नाही. खोलीत फिनेलचा उग्र वास होता आणि त्याखाली आणखी एक, गोडसर, कुजकट. मला तो आला. आला नाही असं आता म्हणणार नाही. संडासाचा असेल असं मीच ठरवलं, रुमाल शोधला आणि नेहमीपेक्षा लवकर उठलो.

बुधवारी ऑफिसात मावशींचा फोन आला. त्या दिवशी त्या कुलूप-बिलूप काही म्हणाल्या नाहीत. "ये आणि घेऊन जा तुझ्या बापाला. अंगठा उंदरानं कुरतडलाय. झोपेत कळलं नाही त्यांना. मला आज दिसलं."

मोजा मी काढला. आत जुन्या चादरीची पट्टी होती, उकळून, सरळ घडी घालून, गाठ देखील इस्पितळातल्यासारखी. ती सोडल्यावर जे दिसलं ते मी इथं लिहू शकतो, पण लिहून मला काय मोकळं व्हायचंय? मी गॅलरीत जाऊन ओकलो. अण्णा आतून म्हणाले, "पाणी घे. माठ आजच धुतलाय."

डॉक्टरांनी अंगठा काढला. तिथून अण्णांना थेट कळंबोलीला आणलं. बायकोनं आणि मुलीनं सोफा ढकलत बेडरूममध्ये नेला. खिडकीखाली गादी घातली. अण्णा बसले, उन्हात पाय ठेवला, आणि मला विचारलं, "किती दिवसांसाठी आणलंयस?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. ट्रंक त्यांनी उघडीच केली नाही. रोज लागेल तेवढा कपडा काढायचे आणि धुऊन, घडी घालून परत आत.

तीन आठवड्यांनी सेक्रेटरीचा फोन. करारापूर्वी फेरतपासणी, बंद खोल्यांची यादी निघणार. "आठवडाभर अण्णांना आणून बसवा की. प्रश्न मिटला." फोनचा आवाज मोठा होता, हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. मी फोन ठेवेपर्यंत अण्णांनी पिशवी काढली होती. दोन शर्ट, एक लेंगा, गोळ्या. "आठवडाच ना? जाऊन येतो."

मी नको म्हणालो नाही. हिशेब करत होतो: ड्रेसिंग मावशी करतील, डबा रोज पोचवता येईल, टॅक्सी दारापर्यंत. हे सगळं माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण बायको पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आली. पिठाच्या हातानं तिनं अण्णांच्या हातातली पिशवी घेतली.

"अण्णा, तुम्ही बसा." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही जा ना. रजा टाका आठवडाभर. माणूस कुठलाही चालतो म्हणे."

"मी? आठवडाभर? त्या संडासात?"

बोललो आणि ऐकलं. मुलगी बेडरूमच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, तशी ती घाणेरड्या गोष्टींकडेच बघते.

अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "पहाटे पाचच्या आधी गेलास तर स्वच्छ असतो. फिनेलची बाटली दाराच्या मागं आहे. पाणी आधी भरून ठेव."

ते मला मदत करत होते.

मी गेलो नाही. कुणीच गेलं नाही. खोली वादातल्या यादीत गेली आणि अजून तिथंच आहे. सेक्रेटरी म्हणतो, होईल काहीतरी, पण वेळ लागेल. बायकोनं फोन आला त्याच संध्याकाळी ट्रंक रिकामी करून कपडे कपाटात लावले. अण्णांनी लावू दिले. आणि मला, हे लिहितानाही, खोली हातची गेली म्हणून हळहळ वाटते. अंगठ्याच्या आधी तीच आठवते कधी कधी. स्वतःचीच ओकारी यावी असं हे आहे, पण आहे.

बाथरूममध्ये आमच्या ब्रशांचा एक मग आहे. मुलीनं अण्णांचा ब्रश त्यात दोन-तीनदा ठेवून पाहिला. दात घासून झाले की ते तो नीट पुसतात, कागदात गुंडाळतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात.